वाचकांचे प्रश्न : झोपेत चालणारी माणसं

झोपेत चालण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही निवडून, थोडी आटोपशीर करून इथे घेतली आहेत. उत्तरं निद्राविकार आणि मेंदूविकार पाहणाऱ्या डॉक्टरांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची आहे. साडेनऊला झोपते आणि आठवड्यातून दोन-तीनदा अकराच्या सुमारास उठून स्वयंपाकघरात जाते, फ्रिज उघडते, नाहीतर कोपऱ्यात नुसती उभी राहते. डोळे टक्क उघडे, पण हाकेला ओ देत नाही. सकाळी काहीही आठवत नाही. सासूबाई म्हणतात, अशा माणसाला उठवलं तर जिवाला धोका असतो. त्या दृष्टही काढतात. हे नक्की काय आहे? – एक आई, सांगली

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती म्हणजे वेळ. साडेनऊला झोपलेलं मूल अकराला चालतंय, म्हणजे ते रात्रीच्या पहिल्या एक तृतीयांश भागात, गाढ झोपेतून उठतंय. झोप रात्रभर सारखी नसते. साधारण ९० मिनिटांची आवर्तनं एकामागून एक होतात, लहान मुलांत ती थोडी आखूड असतात, आणि गाढ झोपेचा मोठा वाटा पहिल्या एक-दोन आवर्तनांतच संपतो. या अवस्थेत ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढला तर सेकंदाला अर्धी ते दोन अशा संथ आणि उंच लाटा दिसतात. स्वप्नं जास्त पडतात ती रेम झोप, आणि ती पहाटेकडे वाढत जाते. त्या अवस्थेत हातापायांचे स्नायू मेंदूच ढिले करून ठेवतो, त्यामुळे उठून चालायची सोयच नसते. झोपेत चालणाऱ्यांचे रात्रभराचे ईईजी १९६५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. चालण्याची सुरुवात संथ लाटांच्या झोपेतून होते, हे तेव्हापासून पक्कं माहीत आहे.

मेंदू एका बटणावर चालू-बंद होत नाही. घरात खोलीखोलीचे दिवे वेगळे असावेत तसं ते असतं. स्वित्झर्लंडमध्ये २००० साली डॉक्टरांनी एका तरुण रुग्णाला तो झोपेत उठलेला असतानाच किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन देऊन मेंदूतला रक्तप्रवाह तपासला. हालचालींचा ताळमेळ ठेवणाऱ्या लहान मेंदूच्या एका भागात आणि मेंदूच्या आतल्या एका पट्ट्यात रक्तप्रवाह वाढलेला होता. विचार आणि निर्णय करणाऱ्या कपाळामागच्या भागात तो जाग्या माणसापेक्षा कमी होता. पुढे इटलीत, अपस्माराच्या शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेला एक रुग्ण झोपेत अर्धवट जागा झाला. त्या वेळच्या नोंदीत हालचालींचा भाग जागेपणीसारखा चालू होता आणि विचार करणाऱ्या भागात गाढ झोपेच्या लाटा तशाच सुरू होत्या. तुमची मुलगी फ्रिज उघडते, दाराला न धडकता जाते, ते यामुळे. हाकेला ओ देत नाही आणि सकाळी आठवत नाही, तेही यामुळेच.

हे घडायला दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. एक, झोप नेहमीपेक्षा खोल असणं. दोन, त्या खोल झोपेत मेंदूला अर्धवट जागं करणारं काहीतरी असणं. जागरण, दुपारची सुटलेली झोप, ताप, दिवसभराची दमछाक यांनी झोप खोल होते. भरलेलं मूत्राशय, घोरणं, आवाज, उकाडा, जंत झाल्यावर सुटणारी खाज, पायांची अस्वस्थता हे धक्के. (ताप दोन्हीकडे हात मारतो.) मुलांची झोप मुळातच खोल, म्हणून हा प्रकार मुलांत जास्त दिसतो. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात मुलांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. तिथे दहाव्या वर्षी प्रमाण सर्वांत जास्त, १३.४ टक्के होतं. वयात येताना संथ लाटांचं प्रमाण झपाट्याने घटतं आणि बहुतेकांचं चालणंही थांबतं.

आता उठवण्याबद्दल. उठवल्याने जीव जात नाही, वेडही लागत नाही. पण गदागदा हलवून, तोंडावर पाणी मारून जागं करण्यात शहाणपण नाही. निर्णय करणारा भाग झोपेत असताना कुणी दंड धरला तर तिला तो हल्ला वाटू शकतो, आणि ती ढकलते, ओरडते, पळते. समोरून वाट अडवू नका. बाजूला किंवा किंचित मागे उभ्या राहा, हळू आवाजात एकच छोटं वाक्य म्हणत राहा, ‘चल, झोपायला जाऊ’, आणि तळहात पाठीला हलकाच लावून पलंगाकडे वळवा. हात झटकला तर सोडून द्या, जाऊ द्या, फक्त गॅस, जिना आणि दार यांच्या मध्ये तुम्ही उभ्या राहा. परतताना शौचालयाकडून न्या. पुष्कळदा लघवी लागलेली असते. कोपऱ्यात उभं राहणं, कपाट उघडणं यांचा अर्थ बऱ्याच वेळा तोच असतो. सकाळी भावंडांसमोर त्याची गंमत करू नका. मूल झोपायला घाबरू लागलं की झोप मोडते, आणि मोडलेली झोप पुढच्या रात्री आणखी खोल होते.

सासूबाईंना दृष्ट काढू द्या. ती संध्याकाळी सातला काढा, एवढंच. अकरापर्यंत मुलीला त्यासाठी जागवत ठेवलं तर त्रास वाढेल. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते. झोपायची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणा. फक्त एवढ्याने पुष्कळ मुलांचे प्रकार कमी होतात.

प्रश्न : मुलगा जवळजवळ रोज रात्री एकाच वेळेला उठतो. औषधाशिवाय थांबवता येईल का? – एक वडील, नाशिक

वेळ ठरलेली असेल तर येतं. ती वेळ येण्याआधीच त्याला थोडं जागं करायचं.

आधी दोन आठवडे वहीत चार रकाने भरा : डोळा लागला ती वेळ, उठला ती वेळ, किती मिनिटं चाललं, आणि दिवसभरात काही वेगळं झालं का (सामना, प्रवास, ताप, परीक्षा). डोळा लागल्यापासून किती मिनिटांनी उठतो ते काढा. समजा साधारण १०० मिनिटं निघाली, तर ८० ते ८५ मिनिटांनी त्याच्या खोलीत जा. खांद्याला हात लावून नाव घ्या. तो कूस बदलेल, काहीतरी पुटपुटेल, डोळे किलकिले करेल, तेवढं पुरे. पूर्ण जागं करायचं नाही, दिवा लावायचा नाही, गप्पा तर नाहीतच. लगेच पुन्हा झोपू द्या. असं दोन ते चार आठवडे, एकही रात्र न चुकवता. मग थांबून बघा, परत सुरू झालं तर आणखी एक फेरी करा.

हे फसतं ते बहुतेक तीन कारणांनी. लोक घड्याळाची वेळ धरतात आणि मुलगा शनिवारी तासभर उशिरा झोपतो; मिनिटं डोळा लागल्यापासूनच मोजायला हवीत. दुसरं, उठवायला उशीर होतो, तो सगळ्यात खोल झोपेत असतो आणि तुमच्या हातानेच प्रकार सुरू होतो. तसं झालं तर दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं आधी जा. तिसरं, चौथ्या दिवशी फरक दिसतो आणि आई-बाबा थांबतात. ज्याचा प्रकार महिन्यातून एकदा, केव्हाही होतो, त्याच्यासाठी हा उपाय निरुपयोगी आहे. तिथे वही ठेवा आणि धक्का शोधा.

प्रश्न : सहा वर्षांचा मुलगा झोपेत चालतो, घोरतो, तोंड उघडं ठेवून झोपतो. ॲलर्जीसाठी मॉन्टेल्युकास्टची गोळी वर्षभर चालू आहे. याचा काही संबंध? – एक वाचक, कोल्हापूर

संबंध दोन्हीकडून असू शकतो.

घोरण्याचं आधी. नाकामागच्या ॲडिनॉइड गाठी किंवा टॉन्सिल वाढले की झोपेत श्वास अडतो, आणि दर अडथळ्याला मेंदू क्षणभर दचकतो. वर ज्याला धक्का म्हटलं तो हाच. २००३ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी झोपेत चालणारी आणि झोपेत किंचाळून उठणारी ८४ मुलं तपासली. त्यातल्या ४९ मुलांना झोपेतल्या श्वासाचा त्रास निघाला. ज्या ४३ जणांचे टॉन्सिल काढले, त्या सगळ्यांचं रात्रीचं उठणं थांबलं. म्हणून घोरणाऱ्या मुलाला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या. झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटतो का, मान मागे टाकून झोपतो का, घाम येतो का, दिवसा चिडचिड करतो का, हे लिहून न्या. त्याच वेळी फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची, रक्त तपासणीही करून घ्या. पाय सतत हलवणाऱ्या मुलात फेरिटिन ५० मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या आत असेल, तर लोहाचं औषध द्यायचं का हे डॉक्टर ठरवतील. नुसतं हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून ही तपासणी टाळू नका. साठ्यातलं लोह त्याच्याआधी संपतं.

आता गोळी. मॉन्टेल्युकास्टच्या मानसिक आणि झोपेच्या दुष्परिणामांबद्दल अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये सर्वांत कडक प्रकारचा इशारा दिला. झोपेत चालणं त्या यादीत आहे. आपल्याकडे ही गोळी सर्दीच्या औषधासोबत एकत्र मिळते आणि महिनोन्‌महिने सुरूच राहते. चालणं गोळी सुरू झाल्यावर सुरू झालं का, हे आठवून डॉक्टरांना सांगा. दम्यासाठी दिलेली असेल तर परस्पर बंद करू नका. नुसत्या सर्दी-शिंकांसाठी असेल तर तिला पर्याय आहेत.

प्रश्न : आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. गावी गेलो की गच्चीवर झोपतो, तिथे कठडा नाही आणि मागे विहीर आहे. घर सुरक्षित कसं करावं? – ठाण्याच्या एक बाई

झोपेत चालणं स्वतः निरुपद्रवी आहे. इजा होते ती पडण्याने, काचेने आणि दारातून बाहेर जाण्याने. शिवाय या अवस्थेत वेदना कळेलच असं नाही. फ्रान्समधल्या एका अभ्यासात, झोपेत चालताना जखमी झालेल्या ४७ जणांपैकी ३७ जणांना त्या क्षणी दुखलंच नव्हतं. लागल्यावर जाग येईल या भरवशावर राहू नका.

फ्लॅटचं मुख्य दार : कडी मुलाचा हात पोचणार नाही इतकी वर, आतून. कुलूप लावत असाल तर किल्ली ठरलेल्या खिळ्यावर, मोठ्यांना अंधारातही सापडेल अशी. आग लागली तर तीच किल्ली लागणार आहे. मुलाला खोलीत बाहेरून कोंडणं किंवा पलंगाला बांधणं, दोन्ही वर्ज्य. दाराला चुंबकी घंटी मिळते : एक तुकडा चौकटीवर, दुसरा फळीवर, फट पडली की वाजते. ज्याची घंटी आई-बाबांच्या खोलीत वाजते असा प्रकार घ्या. मुलाच्या कानाशी भोंगा वाजला तर ते बिथरतं. काही नाही तर दाराला पितळी घुंगरांची माळ बांधा, तीही काम करते. सरकत्या खिडकीला स्टॉपर लावून फट १० सेंटिमीटरवर अडवा. बाल्कनीच्या कठड्याजवळचं स्टूल, कपड्यांची बास्केट, कुंड्यांचा स्टँड हलवा, कारण मूल त्यावर चढतं. रात्री रेग्युलेटर बंद, सुऱ्या ओट्यावरून कपाटात, औषधं कुलपात, काचेची टीपॉय वाटेतून बाजूला. दुमजली पलंगाची वरची जागा नाही. गादीखाली खोचलेल्या मच्छरदाणीत पाय अडकून पडणं हाही नेहमीचा प्रकार आहे. पलंग बुटका करा किंवा गादीच जमिनीवर घाला.

गावी कठडा नसलेल्या गच्चीवर झोपूच नका, मूल दोन मोठ्या माणसांच्या मध्ये असलं तरी. चौदा तासांचा प्रवास, लग्नघरातली जागरणं आणि अनोळखी जागा असं सगळं जमून आलेलं असतं, तीच रात्र सर्वांत धोक्याची. विहिरीकडच्या मागच्या दाराला कुलूप हवंच. रेल्वेत वरचा बर्थ नको, खालचा घ्या आणि जाण्या-येण्याच्या बाजूला मोठ्या माणसाने बसा किंवा झोपा. आपल्या गाड्यांच्या डब्यांची दारं रात्रीही उघडी सापडतात.

प्रश्न : वय ३४, पुण्यात आयटीत रात्रपाळी. सहा महिन्यांपासून झोल्पिडेम ही झोपेची गोळी, १० मि.ग्रॅ., घेतो. दोनदा मी झोपेत मॅगी करून खाल्ली, एकदा गाडीची किल्ली हातात होती. लहानपणी असं कधीच नव्हतं. – एक वाचक

गाडीची किल्ली हातात सापडली, आता थांबायला वेळ नाही. ज्यांनी गोळी लिहून दिली त्या डॉक्टरांना आजच फोन करा आणि तुम्ही आम्हाला लिहिलंय तसंच सांगा. झोल्पिडेम आणि तिच्या जातीच्या गोळ्यांवर अमेरिकेच्या नियामक संस्थेने २०१९ साली कडक इशारा छापायला लावला. ज्याला ही गोळी घेतल्यावर एकदा जरी असा प्रकार झाला, त्याला ती पुन्हा द्यायची नाही, असं त्यात स्पष्ट आहे. मात्र सहा महिने रोज घेतलेली गोळी कशी सोडायची, हे डॉक्टरांना ठरवू द्या. अचानक सोडल्यावर झोप उडते, क्वचित फिट येते. तोवर किल्ल्या घरातल्या दुसऱ्या माणसाकडे, गॅस बंद, आणि दारू अजिबात नाही.

गोळी सुटल्यावरही रात्रपाळीचा हिशेब उरतोच. गाढ झोप घड्याळ बघून येत नाही, डोळा लागल्यावर येते. सकाळी सातला झोपलात तर तुमचा धोक्याचा वेळ आठ ते दहा. मॉन्ट्रियलमध्ये झोपेत चालणाऱ्यांना सलग २५ तास जागं ठेवलं, तेव्हा नंतरच्या झोपेत त्यांचं उठणं कितीतरी वाढलं. नेमक्या त्या वेळात आवाज ऐकवले तर आणखी. तुमच्याकडे आवाज ऐकवायला संशोधक नको, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, दारावरची बेल आणि पार्सलवाल्याचा फोन पुरेसे आहेत. कानात बोळे, फोन दुसऱ्या खोलीत, जाड पडदे, आणि पाळी बदलण्याच्या दिवशी सलग जागून काढण्याऐवजी मध्ये दीड तासाची झोप. तरुणपणी नव्याने सुरू झालेलं चालणं लहानपणच्या चालण्यासारखं सोडून देऊ नये. घोरत असाल तर झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घ्या, आणि दुसरी कुठली औषधं (नैराश्यावरची, मानसिक आजारांवरची) चालू असतील तर यादी घेऊन जा.

प्रश्न : वडील ६६ वर्षांचे. पहाटे चारच्या सुमारास झोपेत ओरडतात, लाथा मारतात, एकदा आईच्या डोळ्याला लागलं. उठवलं की लगेच भानावर येतात आणि ‘कुत्रा मागे लागला होता’ असं सांगतात. हेही झोपेत चालणंच का? – एक मुलगी, नागपूर

नाही, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे. पहाटेची वेळ, मिटलेले डोळे, उठवताच शुद्धीवर येणं, स्वप्न जसंच्या तसं आठवणं : हा रेम झोपेतल्या वर्तनाचा विकार. रेममध्ये स्नायू ढिले ठेवणारी यंत्रणा बिघडते आणि माणूस स्वप्न हातापायांनी वठवतो. १९८६ मध्ये मिनेसोटातल्या डॉक्टरांनी तो स्वतंत्र आजार म्हणून मांडला. पन्नाशीनंतर, दुसरं कारण नसताना सुरू झालेल्या या विकारात पुढे अनेक वर्षांनी पार्किन्सन किंवा त्याच्या जवळचा आजार होण्याची शक्यता मोठी असते. घाबरवण्यासाठी नव्हे, मेंदूविकारतज्ज्ञाकडे जाणं लांबणीवर पडू नये म्हणून हे लिहिलं. वास कमी येणं, जुनी बद्धकोष्ठता, उभं राहताना चक्कर असेल तर सांगा. नैराश्यावरची काही औषधंही हा विकार उघड करतात. तोवर आईने वेगळ्या गादीवर झोपावं. वडिलांची गादी जमिनीवर, आणि कोपऱ्यातलं टेबल, तांब्या, चष्मा हाताच्या टप्प्याबाहेर.

प्रश्न : हे फिट्स आहेत की चालणं, कसं ओळखायचं? – एक शिक्षक, परभणी

मोबाइलवर चित्रण करून. चेहरा आणि डोळे दिसतील असं, पहिल्या सेकंदापासून, खोलीतला मंद दिवा रात्रभर चालू ठेवून. फिट सहसा दोन मिनिटांत संपते, एका रात्रीत अनेकदा येते, आणि दर वेळी तीच हालचाल शिक्का मारल्यासारखी होते. झोपेतलं चालणं रात्रीतून बहुधा एकदाच, काही मिनिटं, कधी अर्धा तासही, आणि दर वेळी वेगळं. शंका राहिली तर झोपेची संपूर्ण तपासणी लागते, तीही व्हिडिओसह आणि डोक्याला जास्त इलेक्ट्रोड लावून. नाव नोंदवतानाच तसं सांगा. घरी बोटाला आणि नाकाला लावून देतात ती चाचणी श्वासापुरती असते, बहुतेक वेळा तिच्यात ईईजी नसतो. तपासणीच्या रात्री रुग्ण चालेलच असं नाही, त्यामुळे चित्रण सोबत असू द्या.

प्रश्न : नवरा लहानपणी झोपेत चालायचा, आता क्वचित. मुलांना होईल का? – एक वाचक, फोंडा

घराण्यातून येतं खरं. वर उल्लेख केलेल्या क्वेबेकच्या अभ्यासात आई-वडिलांपैकी कुणीच झोपेत चालत नसलेल्या मुलांत, बालपणी कधी ना कधी झोपेत चाललेल्यांचं प्रमाण २२.५ टक्के होतं, एक जण चालत असेल तर ४७.४ आणि दोघंही चालत असतील तर ६१.५ टक्के. येतो तो कल. तो उघड व्हायला जागरण आणि धक्का लागतातच, त्यामुळे मुलांची झोपायची वेळ सांभाळा. नवऱ्याला क्लोनाझेपाम (मेंदू शांत करणारी गोळी) कुणी सुचवलं तर आधी तो घोरतो का ते बघा. ही गोळी काहींना थोड्या मात्रेत उपयोगी पडते, पण झोपेत श्वास अडत असेल तर तो त्रास वाढवते.